कुटुंबातील गंभीर आजार व बालके

आई, वडील, भावंड, आजी-आजोबा किंवा घरातील अन्य निकटची व्यक्ती गंभीर अथवा दीर्घकालीन आजाराने ग्रस्त झाली असता घरातील बालकांना जो मानसिक, शैक्षणिक व व्यावहारिक आधार द्यावा लागतो, त्याचा विचार बालमानसशास्त्र, मानसोपचार, परिचर्या व समाजकार्य या शास्त्रांत केला जातो. कर्करोग, पक्षाघात, मूत्रपिंडांचे विकार, क्षयरोग, एड्स, तीव्र मनोविकार यांसारख्या आजारांत कुटुंबाचे सर्व लक्ष स्वाभाविकपणेच रुग्णावर केंद्रित होते. पैसा, वेळ व शारीरिक बळ उपचारांकडे वळते. बालकाला स्वतःला कोणतीही व्याधी नसल्यामुळे त्याच्या अवस्थेकडे मात्र दुर्लक्ष होते. ‘मूल लहान आहे, त्याला काय कळते’ हा समज या दुर्लक्षाच्या मुळाशी असतो. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून झालेल्या संशोधनाने हा समज चुकीचा ठरविला आहे. आजाराचे नाव मुलापासून लपविता येते. घरात घडून आलेला बदल लपविता येत नाही. दाराआड चाललेली कुजबूज, आईचे रडून सुजलेले डोळे, वेळीअवेळी येणारे नातेवाईक व एकाएकी बंद पडलेले नेहमीचे व्यवहार मुलाच्या नजरेतून सुटत नाहीत. मोठ्यांनी न सांगितलेल्या गोष्टीची जागा मूल स्वतःच्या कल्पनेने भरून काढते आणि ही कल्पना पुष्कळदा वस्तुस्थितीपेक्षा अधिक भयावह असते.

पार्श्वभूमी : पूर्वी आजारपण, जन्म व मृत्यू या घटना बहुधा घरातच घडत. मुलांना त्यांचा अर्थ कोणी समजावून सांगत नसे. पण त्या त्यांच्या डोळ्यांसमोर घडत आणि एकत्र कुटुंबात आजी, काकू, आत्या अशी माणसे मुलाला जवळ घेण्यास असत. उपचारांचे केंद्र रुग्णालयाकडे सरकल्यावर रुग्ण मुलाच्या दृष्टीआड गेला. अनेक रुग्णालयांनी लहान मुलांना प्रवेश नाकारला आणि विभक्त कुटुंबांत मुलाची विचारपूस करणारी माणसेही कमी झाली.

रुग्णालयामुळे होणाऱ्या ताटातुटीकडे प्रथम लक्ष वेधले गेले, ते बालरुग्णांच्या संदर्भात. जेम्स रॉबर्टसन यांनी १९५२ मध्ये दोन वर्षांच्या एका मुलीच्या रुग्णालयातील वास्तव्याचे चित्रण करणारा अनुबोधपट तयार केला. आईवडिलांपासून दूर राहणारे मूल शांत दिसू लागले, म्हणजे ते रुळले असे नसते, हे त्यातून स्पष्ट झाले. ब्रिटनमधील प्लॅट समितीने १९५९ च्या अहवालात बालरुग्णांना भेटण्यावरील निर्बंध दूर करण्याची शिफारस केली. जॉन बोल्बी (१९०७–९०) यांनी १९६९ ते १९८० या काळात प्रसिद्ध झालेल्या आपल्या त्रिखंडात्मक ग्रंथात आसक्तिबंध, वियोग व हानी यांची उपपत्ती मांडली. परिचित व विश्वासाच्या व्यक्तीची उपलब्धता हा बालकाच्या सुरक्षिततेच्या भावनेचा पाया असतो, हे तिचे सार होय.

बार्नी ग्लेझर व आन्सेल्म स्ट्राउस या अमेरिकी समाजशास्त्रज्ञांनी १९६५ मध्ये रुग्णशय्येभोवतीच्या मौनाचे विश्लेषण केले. रुग्ण व त्याचे निकटवर्ती या दोघांनाही सत्य ठाऊक असते, तरीही प्रत्येक जण दुसऱ्याला ते ठाऊक नसल्यासारखा वागतो, या अवस्थेस त्यांनी परस्पर-बतावणी म्हटले. मायरा ब्लूबाँड-लँग्नर यांनी रक्ताच्या कर्करोगाने आजारी असलेल्या लहान मुलांचा अभ्यास १९७८ मध्ये प्रसिद्ध केला. कोणीही उघडपणे सांगितलेले नसताना या मुलांना आपल्या आजाराचे गांभीर्य उमगले होते आणि मोठ्यांना दुःख होऊ नये म्हणून ती स्वतःच मौन पाळीत होती, असे त्यांना आढळले. मूल गप्प आहे याचा अर्थ ते अजाण आहे असा होत नाही, ही या विषयातील मूलभूत जाणीव होय.

बालकाचे आकलन : आजार व मृत्यू यांविषयीचे आकलन वयानुसार बदलत जाते. हंगेरियन मानसशास्त्रज्ञ मारिया नॉद्य यांनी बूडापेस्ट व त्याच्या परिसरातील ३ ते १० वर्षे वयाच्या ३७८ मुलांच्या अभ्यासावर आधारित निष्कर्ष १९४८ मध्ये प्रसिद्ध केले. पाच वर्षांखालील मुले मृत्यूला झोप किंवा प्रवास समजतात. पाच ते नऊ या वयात मृत्यू ही एखादी व्यक्ती असल्याची कल्पना आढळते. त्यानंतर मृत्यू अटळ व अंतिम असल्याचे ज्ञान होते, असे त्यांनी प्रतिपादिले. मृत्यूला व्यक्तिरूप देण्याची प्रवृत्ती पुढील अभ्यासांत सर्वत्र आढळली नाही. मृतास जिवंत करता येत नाही, त्याच्या शरीराच्या सर्व क्रिया थांबतात व मृत्यू सर्वांना येतो, या तीन गोष्टी बहुतेक मुलांना साधारणतः पाच ते सात वर्षांच्या दरम्यान कळू लागतात, असे आता मानले जाते. या वयोमर्यादा काटेकोर नसतात. ज्या मुलाने घरात आजार किंवा मृत्यू पाहिला आहे, त्याचे आकलन समवयस्कांपेक्षा पुढे गेलेले असू शकते.

तीन वर्षांखालील मुलाला आजाराची संकल्पना नसते. परंतु सांभाळणारी व्यक्ती बदलणे, झोपण्या-जेवण्याच्या वेळा विस्कळीत होणे व जवळच्या माणसाचा ताण हे सर्व त्याला जाणवते. तीन ते सहा या वयात मूल स्वतःला सर्व घटनांच्या केंद्रस्थानी मानते. झां प्याजे (१८९६–१९८०) यांनी वर्णिलेल्या या अवस्थेत विचार व घटना यांतील सीमारेषा पुसट असते. रागाच्या भरात ‘आई, तू मला नको’ असे म्हटलेल्या मुलाची आई पुढे आजारी पडली, तर तो आजार आपल्या बोलण्यामुळेच झाला, असे त्याला प्रामाणिकपणे वाटते. सहा ते अकरा वर्षांच्या मुलाला कार्यकारणभाव कळू लागतो. आजार कशाने झाला, तो आपल्याला होईल का, वडील आजारी पडले तर आपल्याला कोण सांभाळील, असे प्रश्न त्याला पडतात. कुमारवयीनांना परिस्थितीचे पूर्ण गांभीर्य कळते. घरापासून स्वतंत्र होण्याच्या वयातच घर त्यांना मागे खेचू लागल्याने त्यांच्या मनात जबाबदारी, राग व अपराधीपणा यांचे मिश्रण आढळते.

भारतीय समाजातील काही समजुती या अपराधभावात भर घालतात. एखाद्या मुलीच्या ‘पायगुणा’मुळे घरावर संकट आले, असे तिच्यासमोर बोलले जाते. ‘आईला त्रास देऊ नकोस, नाहीतर तिचे दुखणे वाढेल’ हे वाक्य मुलांना गप्प बसविण्यासाठी सर्रास वापरले जाते. पुढे दुखणे खरोखरच वाढले, म्हणजे मूल त्याचा दोष स्वतःकडे घेते व हे ओझे ते अनेक वर्षे कोणाजवळही उघड न करता वागवू शकते.

प्रतिक्रिया व लक्षणे : मुलांचे दुःख मोठ्यांप्रमाणे सलग नसते. मूल काही वेळ रडते आणि लगेच खेळायला जाते. ते निष्काळजी असल्याचा अर्थ यातून काढणे चुकीचे ठरते; सोसेल तेवढेच दुःख एका वेळी घेण्याची ती स्वाभाविक रीत होय. लहान मुलांत अंथरुण ओले करणे, बोबडे बोलू लागणे, अंगठा चोखणे, क्षणभरही एकटे न राहणे अशी मागे गेल्याची लक्षणे दिसतात. शाळकरी मुलांत पोटदुखी, डोकेदुखी, अभ्यासातील घसरण, शाळेत जाण्यास नकार किंवा भांडखोरपणा आढळतो. आजारी भावंडाची लक्षणे मूल कधीकधी स्वतःच्या अंगी आणते. त्यामागे लक्ष वेधण्याचा हेतू असेल, तशी खरी भीतीही असू शकते. भावंडाविषयी मत्सर वाटणे व त्या मत्सराबद्दल पुन्हा लाज वाटणे, हेही स्वाभाविक आहे.

अतिशय शहाण्यासारखे वागणारे, काही न मागणारे व सतत मदत करणारे मूल सहसा कौतुकाचा विषय होते. परंतु त्याच्याकडेही तितकेच लक्ष द्यावे लागते. वरील लक्षणे काही आठवड्यांत ओसरली नाहीत, झोप व भूक फार काळ बिघडली, मूल सर्वांपासून तुटून राहू लागले अथवा त्याने स्वतःला इजा करण्याची किंवा मरण्याची भाषा केली, तर बालमानसोपचारतज्ञाचा सल्ला विनाविलंब घेणे आवश्यक असते.

सत्यकथन : मुलाला आजाराविषयी सांगावे की नाही, हा प्रश्न आता मुख्यत्वे कोणी, केव्हा व कोणत्या शब्दांत सांगावे, असा मांडला जातो. शक्य तेथे आईने किंवा वडिलांनी, आणि ते शक्य नसेल तेथे मुलाच्या विश्वासातील व्यक्तीने सांगावे. शेजारी, शाळेतील मुले किंवा मोठ्यांचे अर्धवट ऐकलेले बोलणे यांतून ते कळल्यास मुलाचा घरच्यांवरील विश्वास डळमळतो. निदान निश्चित झाल्यानंतर व उपचार सुरू होण्यापूर्वीचा काळ यासाठी योग्य होय.

आजाराचे खरे नाव सांगणे हिताचे असते. ‘आईला बरे नाही’ एवढेच सांगितल्यास पुढे स्वतःला किंवा इतर कोणाला साधी सर्दी झाली, तरी मूल घाबरते. ‘आईच्या छातीत गाठ झाली आहे. या आजाराला कर्करोग म्हणतात. डॉक्टर जे औषध देणार आहेत, त्याने तिचे केस गळतील. पण ते पुन्हा येतील’, एवढे वाक्य सहा वर्षांच्या मुलाला पुरते. यानंतर तीन गोष्टी स्पष्टपणे सांगणे अगत्याचे मानले जाते : हा आजार मुलाच्या वागण्या-बोलण्यामुळे झालेला नाही; कर्करोगासारखा आजार असेल, तर तो जवळ बसल्याने किंवा एका ताटात जेवल्याने होत नाही; आणि घरात काहीही घडले, तरी मुलाला सांभाळणारे अमुक एक माणूस ठरलेले आहे. या तिसऱ्या गोष्टीत त्या व्यक्तीचे नाव सांगावे; मोघम आश्वासन पुरेसे नसते.

‘आई बरी होईल ना?’ या प्रश्नाला खोटे उत्तर देण्याचा मोह स्वाभाविक असतो. परंतु दिलेले वचन खोटे ठरले, म्हणजे मूल आईसोबतच सांगणाऱ्यावरील विश्वासही गमावते. ‘डॉक्टर सगळे उपाय करीत आहेत. पुढे काय होईल, ते आम्हालाही अजून नक्की कळलेले नाही. कळेल तसे तुला सांगू’, हे उत्तर सत्य असून आधार देणारेही आहे. सर्व माहिती एकाच वेळी देऊ नये. मुलाने विचारलेल्या प्रश्नाचे तेवढेच उत्तर द्यावे आणि तोच प्रश्न त्याने दहा वेळा विचारला, तरी दहाही वेळा उत्तर द्यावे. मूल बोलत नसेल, तर चित्रे, भातुकली किंवा बाहुल्यांचा खेळ यांतून त्याचे मन कळू शकते. मुलासमोर मोठ्यांच्या डोळ्यांत पाणी आले, तर त्यात गैर काही नाही. दुःख व्यक्त करण्यास या घरात मोकळीक आहे, असे मूल त्यातून शिकते.

दैनंदिन व्यवहार व जबाबदाऱ्या : मुलाला सर्वांत मोठा आधार दिनक्रमाच्या सातत्याने मिळतो. शाळेची वेळ, संध्याकाळचा खेळ, जेवण व झोप या गोष्टी शक्य तितक्या पूर्ववत ठेवणे आवश्यक असते. मुलांना मामाकडे किंवा आजोळी पाठविण्याची पद्धत महाराष्ट्रात जुनी आहे व व्यवहारतः ती अनेकदा अपरिहार्य असते. मात्र कारण न सांगता पाठविलेल्या मुलाला आपण टाकले गेलो, असे वाटते. किती दिवसांसाठी, कशासाठी व रोज कोणाशी बोलता येईल, हे सांगून पाठविलेले मूल त्या मुक्कामाशी बहुधा जुळवून घेते.

रुग्णाला पाणी देणे, वाचून दाखविणे, उशी सारखी करणे अशी लहान कामे मुलाला आपण उपयोगी आहोत, हा दिलासा देतात. कामाचा भार वाढला, म्हणजे मात्र त्याचे स्वरूप बदलते. पालकांची भूमिका मुलाने पार पाडण्याच्या या अवस्थेचे विवेचन इव्हान बोसोर्मेन्यी-नॉद्य व जेराल्डीन स्पार्क यांनी १९७३ मध्ये केले. ब्रिटनमध्ये जो ऑल्ड्रिज व सॉल बेकर यांच्या १९९३ मधील अभ्यासाने आजारी पालकांची शुश्रूषा करणाऱ्या बालकांचा प्रश्न पुढे आणला आणि २०१४ च्या कायद्यांनी इंग्लंडमधील अशा मुलांच्या गरजांचे मूल्यमापन करण्याचे बंधन स्थानिक प्रशासनांवर घातले. भारतात हा भार बहुधा मुलींवर पडतो. आईच्या आजारपणात स्वयंपाक व धाकट्या भावंडांचा सांभाळ मोठ्या मुलीकडे येतो आणि तिची शाळा प्रथम अनियमित होते व नंतर सुटते. मुलग्याला ‘आता तूच घरातला कर्ता’ असे सांगितले जाते. या वाक्यामागील भावना चांगली असली, तरी त्यामुळे दहा वर्षांच्या मुलाला रडण्याचीही सोय उरत नाही.

रुग्णालयातील भेट व अखेरचा काळ : मुलाची इच्छा असल्यास व संसर्गाचा धोका नसल्यास रुग्णाची भेट हितकारक ठरते. अतिदक्षता विभागातील नळ्या, यंत्रांचे आवाज व रुग्णाचे बदललेले रूप यांची कल्पना आधी द्यावी, भेट अल्पकाळ ठेवावी, मुलासाठी स्वतंत्र माणूस सोबत असावा आणि मुलाने नकार दिल्यास सक्ती करू नये, असे संकेत आहेत. कोव्हिड-१९ च्या साथीत, विशेषतः २०२० व २०२१ मध्ये, अनेक मुलांचे आईवडील रुग्णालयात गेले, ते परतले नाहीत व त्यांचे अंत्यदर्शनही मुलांना घडले नाही. निरोपाचे महत्त्व त्या काळात तीव्रतेने जाणवले.

मृत्यू जवळ आला असता मुलाला तसे सौम्य पण स्पष्ट शब्दांत सांगावे लागते. ‘बाबा गावाला गेले’ असे सांगितल्यास मूल वाट पाहते आणि न सांगता गेल्याबद्दल रुसते. ‘झोपले’ असे सांगितल्यास ते स्वतः झोपायला घाबरते. ‘देवाघरी गेले’ हा शब्दप्रयोग श्रद्धेच्या दृष्टीने समाधान देतो. परंतु त्याआधी ‘बाबा मरण पावले, त्यांचे शरीर आता काम करीत नाही, ते परत येणार नाहीत’, हे सांगणे जरूर असते. अंत्यविधीत मुलाला सहभागी करावयाचे असल्यास काय घडणार आहे, ते त्याला आधी समजावून द्यावे. अग्निसंस्कार करण्याचे काम लहान मुलावर आले असता तर ही पूर्वतयारी टाळता येत नाही.

विशेष स्वरूपाचे आजार : क्षयरोगात मुलाला काही काळ रुग्णापासून अंतर ठेवावे लागते. मुखपट्टी व अंतर ही औषध लागू पडेपर्यंतची काळजी असून शिक्षा नाही, हे त्याला सांगावे. घरातील मुलांची तपासणी करून प्रतिबंधक औषध देण्याची तरतूद राष्ट्रीय क्षयरोग निर्मूलन कार्यक्रमात आहे. एड्स व मनोविकार यांत सामाजिक कलंकाची भर पडते आणि मुलावर घराचे गुपित सांभाळण्याची जबाबदारी येते. कोणाजवळ बोलता येईल, हे अशा मुलाला निश्चित करून द्यावे लागते. मनोविकाराने पीडित आईचा राग किंवा अबोला हा आजाराचा भाग आहे, आपल्यावरील प्रेम आटल्याचा पुरावा नव्हे, हे कळल्याने मुलाला मोठा दिलासा मिळतो. आत्महत्येचा धोका असलेल्या पालकावर पाळत ठेवण्याचे काम मुलाकडे कधीही देऊ नये.

संस्थात्मक व कायदेशीर तरतुदी : नॉर्वेत १ जानेवारी २०१० पासून गंभीर आजारी, मनोरुग्ण व व्यसनाधीन रुग्णांच्या अज्ञान मुलांची माहिती व आधाराची गरज लक्षात घेणे आरोग्यसेवकांवर कायद्याने बंधनकारक झाले, २०१८ मध्ये ही तरतूद भावंडांनाही लागू करण्यात आली. ‘तुम्हाला लहान मुले आहेत का?’ हा प्रश्न रुग्णाला विचारला जाणे, हे या कायद्याचे पहिले फलित होय.

भारतात असा स्वतंत्र कायदा नाही. तथापि काही तरतुदी उपयुक्त आहेत. बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ च्या कलम ४५ मध्ये पालक जीवघेण्या आजाराने ग्रस्त असल्यास मुलाला प्रायोजकत्वाचे आर्थिक साहाय्य देण्याची सोय आहे. महाराष्ट्र शासनाच्या बालसंगोपन योजनेतही गंभीर आजारी पालकांच्या मुलांचा विचार केलेला आहे. एचआयव्ही-एड्सविषयक २०१७ च्या अधिनियमाने कुटुंबाचा कारभार पाहणाऱ्या व पुरेशी समज असलेल्या १२ ते १८ वर्षे वयाच्या भावंडाला शाळाप्रवेश, उपचार यांसारख्या कामांसाठी धाकट्या भावंडांचे पालकत्व करण्याची मुभा दिली. काही मुले प्रत्यक्षात कुटुंबप्रमुख झालेली असतात, या वस्तुस्थितीची ही कायद्याने घेतलेली दखल होय. संकटातील मुलांसाठी १०९८ व मानसिक आरोग्यासाठी १४४१६ (टेलि-मानस, २०२२) या दूरध्वनी सेवा उपलब्ध आहेत.

मुंबईतील टाटा स्मारक रुग्णालयात (स्थापना १९४१) देशाच्या सर्व भागांतून रुग्ण येतात. रुग्ण व त्याचा सोबती दादर येथील गाडगे महाराज धर्मशाळेसारख्या ठिकाणी राहून उपचार पुरे करतात आणि मुले बहुधा गावी आजीजवळ राहतात. वांद्रे येथे १९८६ मध्ये सुरू झालेल्या शांती अवेदना सदन या संस्थेने असाध्य कर्करुग्णांच्या निवासी शुश्रूषेचा भारतात पाया घातला. केरळमधील लोकाधारित उपशामक शुश्रूषेच्या चळवळीत स्वयंसेवक रुग्णाच्या घरी जातात व रुग्णाच्या मुलांच्या शिक्षणासही साहाय्य करतात. रुग्णसेवा व बालकांचा सांभाळ ही एकाच कामाची दोन अंगे आहेत, हे तेथे व्यवहारात उतरलेले दिसते.

शाळेची भूमिका : आजारपणाने विस्कटलेल्या घरातील मुलाला शाळा हे एकच न बदललेले ठिकाण असू शकते. घरातील परिस्थिती वर्गशिक्षकांना खाजगीरीत्या कळविलेली असावी. शिक्षकांनी सर्वांसमोर विचारपूस वा दयाप्रदर्शन टाळावे, गृहपाठात सवलत द्यावी, गैरहजेरीचे कारण समजून घ्यावे व मुलाला इतरांप्रमाणेच खेळू द्यावे. मुलाने घराबाहेर हसावे, खेळावे यात आजारी माणसाचा अनादर नाही, हे त्याला कोणी तरी स्पष्टपणे सांगण्याची गरज असते. ही परवानगी आजारी आईने किंवा वडिलांनी स्वतः दिली, तर तिचा परिणाम सर्वांत अधिक होतो.